हौशी सायकलस्वार व आपणांपुढील धाव

(वाचावयाचा शास्त्रभाग : करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ९, वचने २४ ते २७)



पौल प्रेषित करिंथ येथील मंडळीस पत्र लिहीत असता धावण्याच्या शर्यतीचा दाखला घेतो, तो काही उगीच घेतलेला नाही. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठे सामने भरत असत व दूरदूरचे ग्रीक लोक ते पाहावयास जमत. जिंकणाऱ्याच्या मस्तकी सोन्याचा नव्हे, तर झाडाच्या पानांचा मुगूट घालीत. आणि थोड्याच दिवसांत तो सुकून जाई. करिंथकरांनी हे सर्व आपल्या डोळ्यांनी पाहिलेले होते. म्हणून प्रेषिताने त्यांस परक्या मुलखातील गोष्ट न सांगता त्यांच्याच वेशीबाहेरची गोष्ट सांगितली. आपला प्रभूही असेच करीत असे. कोळ्यांजवळ तो जाळ्याविषयी बोले, शेतकऱ्यांजवळ बियाण्याविषयी, आणि घर झाडणाऱ्या बाईजवळ हरवलेल्या नाण्याविषयी.

आपल्या खेड्यांत ग्रीकांचे सामने भरत नाहीत. परंतु सायकल कोणास ठाऊक नाही? हिच्यावर बसून कितीएक प्रचारकांनी चार चार, पाच पाच गावांची फेरी केली आहे. हिच्यावरूनच मुले शाळेस जातात व दूधवाला दूध घालतो. चैत्रातला उलटा वारा छातीवर घेऊन पायडल मारणे म्हणजे काय, भर उन्हात बाभळीचा काटा चाकात शिरणे म्हणजे काय, चढावर साखळी उतरणे म्हणजे काय, हे आपणांस पुस्तकातून शिकावयाचे नाही. तेव्हा आज प्रेषिताच्याच रीतीने, पण सायकलच्या शर्यतीचा दाखला घेऊन, आपण आपल्या धावेचा विचार करू.

आरंभी ही शर्यत कशी असते ते थोडक्यात सांगितले पाहिजे. सायकलच्या काही शर्यती गोल आखाड्यात होतात. परंतु आपण जिच्याविषयी बोलणार ती साध्या रस्त्यावर होते. गावातून, शेतांच्या कडेने, घाट चढून व उतरून, शंभर दीडशे किलोमीटर जावयाचे असते. स्वार बहुधा घोळका करून चालतात, व त्यास कारण आहे. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा मोठा वैरी म्हणजे वारा. जो सर्वांच्या पुढे असतो तो वारा फोडतो, आणि जो त्याच्या मागच्या चाकाला लागून चालतो त्याचे श्रम सुमारे तिसऱ्या हिश्शाने वाचतात. म्हणून शहाणे स्वार आळीपाळीने पुढे येतात. एकाने थोडा वेळ ओढावे, मग बाजूस होऊन मागे जावे, व दुसऱ्याने पुढे यावे. जो घोळका सोडून एकटाच पुढे निघतो, त्यास मात्र सगळा वारा आपल्याच छातीवर घ्यावा लागतो. म्हणून अशा एकट्यास बहुधा शेवटी गाठले जाते.

१. कोणास धावू द्यावे?

पूर्वी अशा सामन्यांत केवळ हौशी लोकांसच भाग घेता येत असे. म्हणजे जे पैशासाठी खेळत नाहीत त्यांस. हौशी माणसासाठी इंग्रजी भाषेत जो शब्द आहे तो फ्रेंच भाषेतून आलेला असून त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे, आणि त्याचा मूळ अर्थ 'प्रीती करणारा' असा होतो. किती सुंदर अर्थ! जो वेतनासाठी नव्हे, नावासाठी नव्हे, तर त्या गोष्टीवरील प्रीतीने श्रम करितो, तो हौशी.

परंतु मनुष्याचे अंतःकरण असे आहे की, चांगल्या शब्दाचीही ते भिंत करिते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात होड्या वल्हविण्याच्या शर्यतींसाठी असा नियम केला होता की, जो कारागीर आहे, जो हाताने मजुरी करितो, तो हौशी नव्हेच; त्यास सभ्य गृहस्थांबरोबर स्पर्धेत उतरता येणार नाही. त्याने पैशासाठी वल्हे मारले नसले तरी चालेल. त्याच्या हातांस घट्टे पडले आहेत एवढाच त्याचा अपराध! बंधूंनो, विचार करा : हा नियम नासरेथच्या सुतारास लावला असता, तर त्यासही त्या नदीच्या काठावरून परत पाठविले असते.

सन १८९६ मध्ये ग्रीस देशाच्या अथेन्स नगरात नव्या युगातले पहिले ऑलिंपिक सामने भरले. त्यांत एक सायकलची रस्त्यावरील शर्यत होती : अथेन्सपासून मॅरेथॉन गावापर्यंत जावयाचे, तेथे सही करावयाची, व पुनः अथेन्सास यावयाचे, एकंदर ८७ किलोमीटर. त्या शर्यतीत एडवर्ड बॅटेल नावाचा एक मनुष्य होता. तो अथेन्समधील ब्रिटिश वकिलातीत नोकर होता. तेथे राहणाऱ्या काही इंग्रजांनीच हरकत घेतली की, हा चाकर आहे, सभ्य गृहस्थ नव्हे, तर हा हौशी कसा म्हणावा? तथापि ती हरकत टिकली नाही व तो शर्यतीत उतरला. आरिस्तिदिस कोन्स्तान्तिनिदिस हा ग्रीक पहिला आला, एक जर्मन दुसरा आला, आणि तिसरा आला तो हा वकिलातीतला चाकर.

ही गोष्ट वाचून आपणांपैकी कितीएकांच्या मनात काय आले असेल ते सांगावयास नको. 'तू यातला नव्हेस', 'तू विहिरीवर येऊ नकोस', 'तू देवळाच्या पायरीशीच थांब', हे शब्द ज्यांच्या वाडवडिलांनी ऐकले, त्यांस बॅटेलाच्या मनाची स्थिती कळेल. पण आपण स्वतःस एक प्रश्न विचारला पाहिजे. ज्या आपणांस प्रभूने कोणतीही जात न विचारता आत घेतले, त्या आपल्या मंडळीत अशी भिंत कोठे उभी आहे काय? सोयरीक जुळविताना, पंक्तीला बसताना, मंडळीचे वडील निवडताना आपण मनात जुने माप काढतो काय? नव्याने आलेल्या कुटुंबास मागच्या सतरंजीवर बसवितो काय? तसे असेल तर आपणही काठावर उभे राहून चाकरास हरकत घेणाऱ्यांतलेच झालो. धाव नेमणारा प्रभू आहे. कोणास धावू द्यावे हे ठरविणारे आपण कोण?

२. एकान्तातील तयारी

पुढे काळ पालटला. ऑलिंपिकमधील सायकल शर्यती सन १८९६ पासून जवळजवळ शंभर वर्षे हौशी लोकांच्याच होत्या. सन १९९६ पासून वेतन घेऊन खेळणाऱ्या स्वारांसही त्यांत येता येऊ लागले. तेव्हापासून हौशी स्वारास तेथे काय आशा, असेच लोक म्हणत. अशा वेळी एक आश्चर्याची गोष्ट घडली.

सन २०२० चे ऑलिंपिक सामने महामारीमुळे पुढे ढकलले गेले, ते जपान देशात टोकियो येथे सन २०२१ मध्ये भरले. ता. २५ जुलै रोजी स्त्रियांची रस्त्यावरील शर्यत झाली. अंतर १३७ किलोमीटर. फुजी पर्वताच्या बाजूचे घाट. वर कडक ऊन. त्या शर्यतीत ऑस्ट्रिया देशाची एकच स्त्री होती. तिचे नाव आना कीझेनहोफर. ही गणिताची पंडिता. बार्सिलोना येथे तिने सन २०१६ मध्ये आचार्यपदवी मिळविली, व स्वित्झर्लंडात लोझान येथील विद्यापीठात गणिताचे काम करीत असे. त्या वेळी कोणत्याही वेतनी संघाशी तिचा करार नव्हता. तिचा शिक्षक नव्हता. रोज किती चालवावे, काय खावे, कधी विसावा घ्यावा, हे सारे तिने आपले आपणच ठरविलेले होते. उलटपक्षी हॉलंड देशाच्या चार स्वार होत्या, व त्या चौघीही जगातील अग्रगण्य; दोघींनी तर पूर्वीच्या ऑलिंपिकांत हीच शर्यत जिंकलेली होती. सर्वांचे डोळे त्या चौघींवर होते. ऑस्ट्रियाच्या एकटीकडे कोणी पाहत नव्हते.

प्रारंभाचे निशाण पडताच ही स्त्री घोळका सोडून पुढे निघाली. आणखी चौघी तिला जाऊन मिळाल्या. मागच्यांनी त्यांस जाऊ दिले. दमतील व सापडतील असे त्यांस वाटले. अंतर वाढत वाढत दहा मिनिटांहून अधिक झाले. चौघींपैकी दोघी गळाल्या. शेवटास सुमारे ४० किलोमीटर उरले असता एका घाटाच्या चढावर तिने उरलेल्या दोघींसही मागे टाकले, आणि तेथून ती एकटी चालली. सगळा वारा तिच्या छातीवर. ३ तास, ५२ मिनिटे व ४५ सेकंदांनी ती शेवटची रेघ ओलांडून गेली, व थकून तेथेच जमिनीवर आडवी झाली. ऑस्ट्रियाला सायकलच्या शर्यतीत ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळाले, ते सन १८९६ च्या त्या अथेन्सच्या सामन्यांनंतर प्रथमच.

हे एका दिवसात झाले काय? नाही. लोकांनी चार तास पाहिले; परंतु त्यामागे जी वर्षे गेली, ती कोणी पाहिली नव्हती. पहाटेचा रस्ता, एकटे चाक, ताटातले मोजून घेतलेले अन्न, वेळेवर झोप. प्रेषित आपल्या शरीरास ताब्यात ठेवण्याविषयी जे लिहितो ते हेच. बंधुभगिनींनो, प्रार्थना ही सभेत शिकून येत नाही. ती कोठीघराचे दार लावून शिकावी लागते. शास्त्राचा अभ्यास रविवारच्या सकाळी घाईने होत नाही. तो सोमवारी, मंगळवारी, दिव्याच्या उजेडात थोडा थोडा होतो. रागाच्या प्रसंगी जीभ आवरावयाची, ती त्या प्रसंगी अचानक आवरली जात नाही. लहान लहान गोष्टींत आवरण्याची जिला सवय लाविली, तीच मोठ्या प्रसंगी आवरते. घाट लागल्यावर जो तयारी करू म्हणतो, त्याची सायकल घाटातच थांबते.

३. घोळका व वारा

आता मागच्या घोळक्याकडे पाहू. त्यात बळ नव्हते काय? होते; पुढच्या एकटीपेक्षा पुष्कळच अधिक होते. मग त्यांनी तिला का गाठले नाही? कारण हे की, प्रत्येक जण दुसरीच्या तोंडाकडे पाहत राहिली. इतर देशांच्या स्वार म्हणाल्या, हॉलंडच्या चौघी समर्थ आहेत, त्या ओढतील. आणि त्या चौघींनीही आरंभापासून नेटाने एकजुटीने पाठलाग केला नाही. पुढे जाऊन वारा कोणी खावा? दुसरीने खावा. असे करता करता वेळ निघून गेला.

मला वाटते, ह्या एका गोष्टीत कितीएक मंडळ्यांचा इतिहास सापडेल. मंडळी मोठी आहे, नावे पुष्कळ आहेत, परंतु ओढणारा एकच. प्रार्थनामंदिराच्या छपराची कौले फुटली आहेत. सर्वांस दिसते, पण पावसाळा येईपर्यंत प्रत्येक जण वडिलांची वाट पाहतो. गावच्या टोकास एक विधवा आजारी आहे. प्रचारक जाईलच, असे सर्व म्हणतात. शब्बाथशाळेत मुले आहेत, शिकविणारे नाहीत. शिकलेल्यांनी शिकवावे, असे न शिकलेले म्हणतात, आणि आम्हांस वेळ नाही, असे शिकलेले म्हणतात. सुगीच्या दिवसांत धान्याचे अर्पण आणावयाचे तर पुढल्याची पायली पाहून मागला आपली अधोली काढतो. दुसऱ्याच्या पाठीमागे वारा लागत नाही हे खरे; पण ज्याने कधीच वारा घेतला नाही, त्याच्या पायांत बळ तरी कोठून यावे?

देवाने आपणांस एकेकटे न ठेवता मंडळीत ठेविले, ही त्याची कृपा होय. थकलेल्याने मागे यावे, दम घ्यावा. त्यात लाज नाही. ज्याचे घर दुःखात आहे त्याने काही काळ दुसऱ्यांच्या प्रार्थनेच्या आडोशाने चालावे. परंतु दम आला म्हणजे त्याने पुढे यावे, व जो इतका वेळ ओढीत होता त्यास मागे विसावा द्यावा. आळीपाळीने वारा घेणे हाच घोळक्याचा धर्म. आणि एकमेकांची ओझी वाहणे हाच मंडळीचाही धर्म आहे.

४. चुकीच्या ठिकाणी उंचावलेले हात

ह्या शर्यतीचा शेवट मोठा विचार करण्यासारखा आहे. इतर मोठ्या शर्यतींत स्वारांच्या कानात यंत्र असते, व पुढे कोण आहे, किती अंतरावर आहे, हे त्यांस कळविले जाते. ऑलिंपिकमध्ये तसे यंत्र वापरू देत नाहीत. शेवटास सुमारे ५ किलोमीटर असता घोळक्याने पुढच्या दोघींस गाठले. आणि हॉलंडच्या स्वारांस वाटले की आता पुढे कोणी उरले नाही. तिसरी, जी सर्वांच्या आधी निघून गेली होती, ती त्यांच्या हिशेबातून सुटली! मग आनेमीक फान फ्लूटेन ही हॉलंडची बलाढ्य स्वार सर्वांस सोडून वेगाने निघाली, एकटीच रेघेपाशी आली, आणि तिने विजयाने दोन्ही हात वर केले. नंतर तिला कळले की, आपण पहिली नाही. पहिली येऊन सव्वा मिनिट झाले आहे.

हिचे श्रम खरे होते, हिचा आनंदही खरा होता. चूक होती ती एवढीच की, आपणांस जे दिसत होते तेवढ्यावरून तिने आपले स्थान ठरविले. आणि आपण? आपण आपली योग्यता कशावरून मोजतो? जे दिसतात त्यांच्यावरून. 'गावात माझ्याइतकी वचने कोणास पाठ आहेत?' 'आमच्या मंडळीइतके दान तालुक्यात कोणाचे?' 'मी तर दारूला शिवत नाही; शेजाऱ्याकडे पाहा!' असे म्हणून आपण हात वर करितो. आणि कदाचित आपल्या पुढे, फार पुढे, एखादी म्हातारी बायबलबाई केव्हाच निघून गेली आहे, जिला अक्षर लावून लावून वाचावे लागते, जिचे नाव कोणत्याही अहवालात आले नाही, पण जिने गावातील प्रत्येक घराचे दुःख गुडघ्यांवर देवापुढे मांडले आहे. ती आपल्या हिशेबात नाही. देवाच्या हिशेबात आहे. पहिल्या व शेवटल्यांविषयी प्रभूने जे शिकविले, ते अशाच आपल्या हिशेबांस उद्देशून होय. रेघेपाशी कोण कितवा, हे रेघेपाशी उभा असलेल्यासच ठाऊक.

परंतु फान फ्लूटेन हिची गोष्ट येथेच सोडणे न्यायाचे होणार नाही. सन २०१६ मध्ये ब्राझील देशात रिओ येथे ह्याच शर्यतीत ती आघाडीवर असता घाटाच्या उतारावर पडली. तिच्या पाठीच्या कण्यास तीन ठिकाणी इजा झाली, व सुवर्णपदक तिच्याच देशाच्या सोबतिणीस मिळाले. तेथून उठून ती पाच वर्षांनी पुनः आली, आणि ही अशी फजिती झाली. जगाने पाहिली. तथापि तीनच दिवसांनी, ता. २८ जुलै रोजी, प्रत्येकाने एकेकट्याने घड्याळाशी धावावयाची जी शर्यत असते, तीत ती उतरली व पहिली आली. बंधूंनो, पडलेला मनुष्य संपलेला मनुष्य नव्हे. ज्याची लोकांत फजिती झाली त्याने घरात तोंड लपवून बसू नये. पेत्रानेही सर्वांदेखत मोठा शब्द दिला होता, व अंगणात शेकोटीशी तो खाली आला. परंतु प्रभूने सरोवराच्या काठी दुसरी शेकोटी पेटविली, आणि तेथून त्यास पुनः धावावयास लाविले.

५. दाखला कोठे अपुरा पडतो?

येथे कोणी म्हणेल, ही शर्यत तर रविवारी झाली. मग ख्रिस्ती पत्रात तिचा दाखला का द्यावा? ज्यांच्या मनात हा प्रश्न आला त्यांचा आम्ही आदर करितो. सन १९२४ मध्ये पॅरिस येथे एरिक लिडल ह्याने रविवारी धावावयाचे नाकारले, दुसऱ्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले, व पुढे चीन देशात सुवार्तेची सेवा करीत असता सन १९४५ मध्ये जपान्यांच्या बंदिछावणीत तो मरण पावला. प्रभूचा दिवस खेळासाठी सोडू नये, हेच आपल्या तरुणांस आम्हीही सांगू. परंतु प्रभूने अन्यायी कारभाऱ्याचाही दाखला दिला, तो त्याचा अन्याय शिकविण्यासाठी नव्हे. दाखल्यातून जे घ्यावयाचे तेच घ्यावे.

आणि दोन गोष्टी अशा आहेत की त्या ठिकाणी हा दाखला थांबतो. पहिली ही की, रस्त्यावरील शर्यतीत मुगूट एकासच मिळतो. म्हणून तेथे शेजारी हा प्रतिस्पर्धी असतो. तो पंक्चर होऊन थांबला तर दुसऱ्यास लाभ होतो. आपल्या धावेत तसे नाही. येथे शेजारी पडला तर आपलाही वेग कमी झाला पाहिजे. उतरून त्याचे चाक पाहावे, आपल्याजवळचा पंप त्यास द्यावा, आणि त्याला घेऊन चालावे. ह्यात जो उशीर होतो तो देवाच्या घड्याळात मोजला जात नाही. प्रभू स्वतः नव्व्याण्णवांस सोडून मागे राहिलेल्या एकासाठी परत जातो. असे करणारा मेंढपाळ कोणत्या शर्यतीत कधी पहिला आला आहे?

दुसरी ह्याहून थोर आहे. शर्यतीतला स्वार धावतो, तो बक्षीस मिळावे म्हणून. आपण धावतो ते तारण मिळवावे म्हणून नव्हे. ते तर ख्रिस्ताने वधस्तंभावर आपणांसाठी मिळवून ठेविले आहे, आणि आपणांस फुकट दिले आहे. पुष्कळ नवीन विश्वासी येथेच गोंधळतात. पूर्वी उपासतापास, नवस, वाऱ्या करून देव मिळवावा असे त्यांस शिकविलेले असते. आता तेच जुने ओझे नव्या नावाने पाठीवर घेऊन ते निघतात, आणि चढावर श्वास कोंडला म्हणजे निराश होतात. अहो, आपण मुलाप्रमाणे धावतो, मजुराप्रमाणे नव्हे. बापाने रस्त्यातच आपणांस मिठी मारली आहे. आता त्याच्या घराकडे जे पाऊल उचलावयाचे, ते प्रीतीचे. म्हणूनच 'हौशी' ह्या शब्दाचा जुना अर्थ आपणांस सर्वांत अधिक शोभतो. आपण प्रीती करणारे आहो, कारण आपणांवर आधी प्रीती करण्यात आली.

प्रचारक बंधूंनो, आता थोडके शब्द आपणांसाठी. आपल्यापैकी कोणास तुटपुंजे वेतन मिळते, कोणास मुळीच मिळत नाही. दिवसा शेतात राबून रात्री उपासना चालविणारेही पुष्कळ आहेत. कामकऱ्यास त्याची मजुरी मिळाली पाहिजे, हे शास्त्राचे म्हणणे आहे, व मंडळ्यांनी ते विसरू नये. परंतु मजुरी हे आपल्या धावण्याचे कारण कधीच नव्हते. आपणांस पुष्कळदा वाटत असेल की, आपण उलट्या वाऱ्यात एकटेच आहो. मोठे लोक, मोठ्या सभा, मोठी शहरे आपणांस विसरली आहेत. तीन घरांची मंडळी, आणि पावसात तीतलेही दोघेच येतात. ज्या दिवशी असे वाटेल त्या दिवशी त्या घाटावरील एकटीस आठवा. ती कोणाच्या हिशेबात नव्हती, म्हणून ती मागे होती असे नाही. कितीएकदा मनुष्य दिसेनासा होतो, तो मागे पडल्यामुळे नव्हे, तर पुढे गेल्यामुळे.

आणि तिच्यापाशी नव्हते असे एक आपणांपाशी आहे. तिच्या पुढच्या रस्त्यावर वारा फोडणारे कोणी नव्हते. आपल्या पुढे एक आहे. तो ह्याच रस्त्याने गेला आहे. सर्व वारा त्याने आपल्या छातीवर घेतला. आणि कितीही अंधार असो, त्याच्या पावलांच्या मागे चालणाऱ्यास आडोसा मिळतो. त्याजकडे दृष्टी लावा. मंडळीत भिंत असेल ती पाडा. दार लावून प्रार्थना करा. आपल्या पाळीचा वारा घ्या. हात खाली ठेवा. पडला असाल तर उठा. आणि वाटेत जो बसलेला दिसेल त्याला सोडून जाऊ नका.

ज्याने ही धाव आपणांस नेमून दिली तो प्रभू आपणां सर्वांस शेवटपर्यंत बळ देवो. आमेन.